वस्तुविचार : बाणांचें घर

या सदरांत आपण बहुधा आपल्या घरांतल्या वस्तूंविषयीं बोलतों. या खेपेस विषय थोडा दूरचा आहे. परंतु तो निघाला आहे आमच्या एका वाचकभगिनीच्या पत्रांतून. त्यांचे चिरंजीव इंग्लंडांत शिकावयास असून तेथील महाविद्यालयाच्या डार्ट्स-संघांत खेळतात. गेल्या हिंवाळ्यांत बाहेरगांवच्या सामन्यास जातांना त्यांनीं आपले बाण ओव्हरकोटाच्या खिशांत तसेच टाकले. आगगाडींतील गर्दींत ते दाबले गेले, पंख मुडपले, एका बाणाची दांडी तुटली, आणि ऐन वेळीं दुसऱ्याचे बाण मागून घेऊन खेळावें लागलें. तो सामना गेला तो गेलाच. पण आतां संघांतील आपली जागाहि जाते कीं काय, अशी धास्ती चिरंजीवांस लागून राहिली आहे. बाजारांत बाणांच्या डब्या मिळतात, हें त्या भगिनींस ठाऊक आहे. परंतु त्यांस शिवणकाम उत्तम येतें, आणि मुलासाठीं जी वस्तु पाठवावयाची ती आपल्या हातची असावी, असा त्यांचा मानस आहे. डबी कशी असावी, एवढेंच त्यांस विचारावयाचें आहे.

प्रश्न लहान दिसतो. पण त्यांत वस्तुरचनेचें सगळें मर्म सांठविलेलें आहे. पेटी करावयाची म्हणजे वस्तूचें माप घ्यावयाचें आणि तेवढा खळगा करावयाचा, असा सर्वसाधारण समज आहे. आमचें म्हणणें असें कीं, माप वस्तूचें घेऊन भागत नाहीं. तें तिच्या दिनक्रमाचें घ्यावें लागतें. आपल्याकडील जुन्या कारागिरांस हें पक्कें ठाऊक होतें. न्हाव्याची धोकटी पाहावी. ती उघडली कीं हत्यारें हाताला जशीं लागावयाचीं तशींच पुढें येतात. पानाची चंची पाहावी. तिचे कप्पे असे असतात कीं, गप्पांच्या भरांत न पाहतांहि बोटांस कात कोठें आणि सुपारी कोठें हें कळतें. सतारीची गवसणी आणि चष्म्याचें घर यांचेंहि तसेंच. हीं सर्व घरें वस्तूंचीं खरीं. पण त्यांचा घाट ठरला तो वस्तु वापरणाऱ्या हाताच्या संवयीवरून. डार्ट्सच्या बाणांचें घरहि याच न्यायानें बांधलें पाहिजे.

ज्यांस या खेळाची ओळख नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. डार्ट्स हा मूळ इंग्लंडांतील पबमध्यें वाढलेला खेळ. पब म्हणजे तेथील गांवकट्टा. मद्याचा भाग सोडला तर आपल्या चावडीसारखाच. भिंतीवर सुमारें ४५ सेंटिमीटर व्यासाचा गोल फळा टांगलेला असतो. तो घायपाताच्या जातीच्या सिसल नांवाच्या तंतूंचा, दाबून घट्ट केलेला असतो. म्हणून बाण उपटला कीं तंतु पुन्हां मिटतात. फळ्याचा मध्य जमिनीपासून ५ फूट ८ इंचांवर, आणि खेळाडूनें उभें राहावयाची रेघ फळ्यापासून ७ फूट ९। इंचांवर, म्हणजे २·३७ मीटरवर असते. फळ्याचे वीस भाग पाडलेले असून, तिप्पट व दुप्पट गुणांचीं दोन बारीक वर्तुळें त्यांतून जातात. या वर्तुळांची रुंदी अवघी ८ मिलिमीटर. बहुतेक सामन्यांत ५०१ गुणांपासून उलट मोजीत शून्यावर यावयाचें असतें, आणि शेवटचा बाण दुप्पट गुणांचाच असला पाहिजे असा दंडक आहे. कमींत कमी नऊ बाणांत हा डाव पुरा होतो. दूरचित्रवाणीवर तो पराक्रम प्रथम करून दाखविला जॉन लो या इंग्रज खेळाडूनें, १९८४ सालीं.

आठ मिलिमीटरच्या पट्टीच्या मध्यावर नेम धरला, तर वर चार आणि खालीं चार मिलिमीटर एवढीच चूक माफ आहे. म्हणजे बाणाच्या पंखाची कड किंचित् मुडपलेली असली, तरी केलेल्या कष्टांचें फळ जातें. खेळाडूचा हात हजारों वेळां तीच हालचाल करून तयार झालेला असतो, आणि ती तयारी विशिष्ट वजनाच्या, विशिष्ट पंखाच्या बाणाशीं जडलेली असते. कॅरम खेळणारे आपले मित्र स्वतःचा स्ट्रायकर लहानशा डबींत घालून सामन्यास नेतात, तें कांहीं केवळ हौसेनें नव्हे. दुसऱ्याचा बाण घेऊन खेळणें म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यांतून वाचणें होय. अक्षरें दिसतात, पण डोळ्यांस पाणी येतें.

आतां बाणाकडे वळूं. त्याचे चार अवयव आहेत. पुढें पोलादी टोंक. त्यामागें हातांत धरावयाचें जड धातूचें धड, ज्यास बॅरल म्हणतात. मग आट्यांनीं फिरवून बसविलेली हलकी दांडी, ही नायलॉनची किंवा ॲल्युमिनियमची असते. आणि शेवटीं चार पाकळ्यांचा पंख. दांडीच्या शेंड्यास चार चिरा असतात, त्यांत पंख खुपसून बसवितात. सर्व मिळून लांबी साधारण १५ ते १६ सेंटिमीटर, आणि पुष्कळ खेळाडूंच्या बाणाचें वजन २० ते २६ ग्रॅमच्या दरम्यान असतें.

धड पूर्वी पितळेचें असे. १९७० नंतरच्या दशकांत टंगस्टनचीं धडें आलीं आणि खेळाचें रूप पालटलें. टंगस्टन या स्वीडिश शब्दाचा अर्थच मुळीं 'जड दगड' असा आहे. शुद्ध टंगस्टन पितळेच्या दुपटीहून जड असतें. परंतु तें ठिसूळ असल्यामुळें निकेलसारखे धातु मिसळून वापरतात. ढोबळ हिशेब करावयाचा तर, २२ ग्रॅम वजनाचें पांच सेंटिमीटर लांबीचें धड पितळेचें केल्यास सुमारें ८ मिलिमीटर जाड होईल. नव्वद टक्के टंगस्टनचें केल्यास ६ मिलिमीटरच्या आंतबाहेर. धड बारीक झालें म्हणजे तीन बाण त्या चिंचोळ्या वर्तुळांत शेजारीं शेजारीं मावतात, हा त्यांतला लाभ. मात्र हीं धडें महाग असतात, आणि बोटें घसरूं नयेत म्हणून त्यांवर बारीक खांचा कातलेल्या असतात. तीन धडें एका पिशवींत खुळखुळत राहिलीं, तर एकमेकांवर घांसून त्या खांचांची धार बोथट होते. तेव्हां डबीचें पहिलें काम हें कीं, एका बाणानें दुसऱ्यास शिवूं नये.

दुसरें काम पंखाचें, आणि तेंच कठीण. डबीचा इतिहास पाहिला तर तो पंखाच्या मागोमाग चालत आलेला दिसतो. जुन्या बाणांस टर्कीच्या पिसांचे पंख असत. पीस दुमडतां येत नाहीं, म्हणून त्यास टणक खोकेंच हवें. पुढें कागदाचे व नंतर प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचे घडीचे पंख आले. ते काढून कागदासारखे चपटे करतां येतात. त्यामुळें सदऱ्याच्या खिशांत मावणारें पाकीट शक्य झालें. अलीकडे सांच्यांत ओतलेले, कायम उघडे राहणारे पंख निघाले आहेत. त्यांच्या पाकळ्या नेमक्या काटकोनांत राहतात हा गुण. परंतु ते मिटतच नाहींत. म्हणून पुन्हां पाकीट जाऊन खोकें आलें. बाणाच्या शेपटींत एवढासा बदल झाला कीं त्याचें घर मोडून नवें बांधावें लागतें. डबी शिवण्यापूर्वीं आमच्या भगिनींनीं चिरंजीवांस पहिला प्रश्न विचारावा तो हाच : पंख घडीचे कीं ओतीव?

दुसरा प्रश्न : बाण जोडलेला ठेवावयाचा कीं सुटा करून? यांत दोन पक्ष आहेत. सुटा केला तर टोंकासह धड आठ-साडेआठ सेंटिमीटरांचें राहतें, पंख चपटे होतात, आणि सगळा संसार पत्त्यांच्या जोडाएवढ्या पाकिटांत मावतो. पण मग प्रत्येक वेळीं तीन दांड्या फिरवून बसवावयाच्या, तीन पंख उघडून खुपसावयाचे. त्यांत एखादी दांडी सैल राहिली कीं पहिल्याच फेकीस ती जाणवते. शिवाय वारंवार घडी घातल्यानें पंखाची कणा असलेली रेघ कमजोर होते. जोडलेला बाण ठेवला तर डबी मोठी होते, पण उघडली कीं खेळाडू तयार. ज्याला रोज कचेरींतून परभारें खेळावयास जावयाचें आहे, त्यानें पाकीट पत्करावें. ज्याच्या अंगावर ओव्हरकोट आहे किंवा खांद्यास पिशवी आहे, त्यानें बाण जोडलेलेच न्यावेत. शिकाऊ खेळाडूस तर आम्ही हेंच सुचवूं. कारण जो बाण काल हातांत होता तोच आज हातांत आहे, एवढा भरंवसा त्यास पुष्कळ आधार देतो.

आतां मांडणी. उघड्या पंखाचा विस्तार एका पाकळीच्या कडेपासून समोरच्या पाकळीच्या कडेपर्यंत सुमारें ३६ मिलिमीटर असतो. बाण डबींत अशा रीतीनें निजविला कीं पंखाची चौफुली बेरजेच्या चिन्हासारखी उभी-आडवी राहील, तर डबीची आंतील खोली निदान ३६ मिलिमीटर लागेल, आणि तीन बाणांस रुंदी १०८. पण तोच बाण थोडा फिरवून चौफुली गुणाकाराच्या चिन्हासारखी तिरपी केली, तर खोली साडेपंचवीस मिलिमीटर पुरते आणि रुंदी सुमारें ७७! कारण सोपें आहे. चारी पाकळ्यांचीं टोंकें जोडलीं तर चौरस होतो. बेरजेच्या स्थितींत आपण त्याचा कर्ण मोजतों, गुणाकाराच्या स्थितींत त्याची बाजू. शाळेंतली भूमिति अशी शिवणाच्या पेटींत उपयोगीं पडते. एक पैचा खर्च न करितां डबी एक सेंटिमीटरनें पातळ झाली. आणि खिशाच्या दृष्टीनें एक सेंटिमीटर ही थोडकी बाब नव्हे.

याहून पुढची एक युक्ति कांहीं जणांस सुचेल : मधला बाण उलटा, म्हणजे टोंक मागें आणि पंख पुढें असा ठेवावा. तसें केल्यास आणखी दोनएक सेंटिमीटर रुंदी वांचते. कागदावर ही मांडणी फार सुबक दिसते. परंतु ती आम्हांस पसंत नाहीं. कारण हाताची संवय. अंधुक उजेडांत, गर्दींत, बोलतां बोलतां खेळाडू डबींत हात घालतो. तिन्ही टोंकें एकाच बाजूस आहेत हें त्याच्या बोटांस ठाऊक असलें पाहिजे. एक टोंक उलटें असलें तर एक ना एक दिवस तें तळहातांत शिरावयाचेंच. येथें जागेची काटकसर आणि हाताची निर्धास्ती यांचा तंटा आहे, आणि अशा तंट्यांत निकाल नेहमीं हाताच्या बाजूनें द्यावा.

मग बाण डबींत धरून ठेवावयाचा कसा? याचें सूत्र एका ओळीचें आहे : धड धरावें, पंख सोडावा. पुष्कळ डब्यांत मऊ फोमचा खळगा बाणाच्या आकाराचा कोरलेला असतो. तो दिसावयास डौलदार, पण त्यांत पंखहि चहूंकडून चेपला जातो. पंखाभोंवतीं मोकळी हवा असली पाहिजे. भार सोसावयाचा तो धातूच्या धडानें, कारण तें त्यासाठींच केलेलें आहे.

हें सर्व ध्यानांत घेऊन आम्ही पुढील डबी सुचवितों. आंतील लांबी १७, रुंदी ९ आणि खोली ३ सेंटिमीटर. अंगास पुस्तकबांधणीचा दोन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा. वरून जाड कॅनव्हास. आंतून मऊ बनात अथवा धुतलेला मांजरपाट. पुढच्या कडेस बुचाची दीड सेंटिमीटर जाडीची पट्टी चिकटवावी व तींत टोंकांसाठीं तीन भोंकें पाडावींत. बूच मऊ असल्यानें टोंक बोथट होत नाहीं, आणि भोंकांत सुमारें एक सेंटिमीटर शिरलेलें टोंक बाहेर येण्याची भीति उरत नाहीं. घरांत लहान मुलें असलीं तर हें विशेष महत्त्वाचें. भोंकांचे मध्य डाव्या भिंतीपासून १७, ४५ आणि ७३ मिलिमीटरवर, व तळापासून १५ मिलिमीटर उंचीवर यावेत. म्हणजे शेजारच्या पंखांमध्यें अडीच मिलिमीटर आणि भिंतीशीं चार मिलिमीटर अंतर राहतें. धडाच्या मागील टोंकाखालीं बुचाचीच दुसरी पट्टी आडवी बसवावी, तींत तीन खांचा ठेवाव्यात, आणि वरून इलॅस्टिकची रुंद फीत घ्यावी. बाण या दोन आधारांवर, पालखीच्या दांड्याप्रमाणें, निजतो. त्याची शेपटी अधांतरीं राहते.

जादा सामानासाठीं झांकणास कप्पा लागतोच. परंतु तो सबंध झांकणभर शिवला तर त्यांतील वस्तूंचा दाब नेमका पंखांवर येतो. बाजारच्या डब्यांतहि ही चूक दिसते. वास्तविक पुढल्या अर्ध्या भागांत, धडांच्या वर, सेंटिमीटरभर पोकळी मोकळी पडलेली असते. कारण पंख जाड, धड बारीक. तेव्हां कप्पा तेवढ्याच भागावर शिवावा. त्यांत तीन जादा दांड्या, चपटे केलेले पंखांचे दोन जोड, दांडी व पंख घट्ट राहण्यासाठीं असतात त्या बारीक कड्या, टोंक घांसावयाचा लहान दगड आणि घाम टिपावयाचा एक रुमालाचा तुकडा एवढें मावतें. जादा पंख लागतात ते केवळ अपघातासाठीं नव्हे. बाण एकाच ठिकाणीं बसूं लागले म्हणजे मागचा बाण पुढच्याच्या शेपटींत घुसतो. त्या प्रकारास तेथील खेळाडू रॉबिनहूड म्हणतात. गंमत अशी कीं, खेळाडू जितका तरबेज तितके त्याचे पंख अधिक फाटतात! चिरंजीवांचा कप्पा लौकर लौकर रिकामा होऊं लागला, तर आईनें काळजी न करितां आनंद मानावा.

चामड्याचा मोह कित्येकांस होईल. बाहेरून चामडें शोभतें आणि टिकतें; पण तें आंतून उघडें ठेवूं नये. झाडांच्या सालींनीं कमावलेल्या चामड्यांत आम्लाचा अंश राहतो, आणि दमट हवेंत त्याचा पोलादाशीं व पितळेशीं संबंध आला कीं एकास गंज चढतो, दुसऱ्यावर हिरवी कळकट धरते. इंग्लंडची हवा तर बारमाही दमट. त्याच कारणास्तव पुठ्ठा चिकटविण्यास कणकेची खळ वापरूं नये. तीस बुरा येतो. फोमहि जपून घ्यावा. स्वस्तांतला फोम कांहीं वर्षांनीं चिकट होऊन भुगा होतो आणि तो भुगा धडाच्या खांचांत जाऊन बसतो. डबी बंद करण्यास तिन्ही बाजूंनीं फिरणारी चेन उत्तम. तिच्या टोंकास दोरीचा गोंडा बांधावा, म्हणजे थंडीनें गारठलेल्या बोटांसहि ती ओढतां येते. व्हेल्क्रोची पट्टी सोयीची खरी. पण ती उघडतांना जी करकर होते ती प्रतिस्पर्धी नेम धरीत असतां ऐकूं जाणें हा असभ्यपणा होय. वस्तूच्या रचनेंत शिष्टाचारहि येतो, तो असा.

एक गोष्ट आमच्या भगिनींसाठीं मुद्दाम लिहितों. बाणांच्या डब्या फार काळ पुरुषांच्या खिशाचें माप धरून होत आल्या. सदऱ्याचा छातीवरचा खिसा हेंच त्यांचें प्रमाण. परंतु या खेळांत स्त्रियांनीं मोठें नांव मिळविलें आहे. २००१ मध्यें स्त्रियांची जागतिक स्पर्धा सुरू झाली, आणि ट्रिना गलिव्हर या बाईंनीं ती पुढें दहा वेळां जिंकली. त्या सुतारकाम रीतसर शिकलेल्या कारागीरहि आहेत. २०१९ च्या डिसेंबरांत लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्यें फॅलन शेरॉक यांनीं पुरुषांबरोबरच्या जागतिक स्पर्धेंत सामना जिंकला. तेथें पुरुष प्रतिस्पर्ध्यास हरविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आतां स्त्रियांच्या कपड्यांस पुष्कळदां खिसाच नसतो, आणि असला तर रुमालापुरता. तेव्हां मुलीसाठीं डबी करावयाची झाल्यास तीस मनगटांत अडकविण्याचा बंद किंवा कमरपट्ट्यांत ओंवावयाची पट्टी अवश्य शिवावी. 'खेळाडू' हा शब्द उच्चारतांना डोळ्यांपुढें कोणाचें चित्र येतें, यावर वस्तु कोणाच्या उपयोगीं पडते तें ठरतें.

डबी झाली कीं ती पाठविण्यापूर्वीं तिच्या तीन परीक्षा घ्याव्यात. पहिली, कानाची : बाणांच्या ऐवजीं त्याच मापाच्या तीन काड्या, टोंकास जड खिळे बांधून, आंत ठेवाव्यात आणि डबी कानापाशीं धरून जोरानें हलवावी. कांहीं वाजलें तर कोठेंतरी घर्षण आहे. दुसरी, अंधाराची : दिवा मालवून, एका हातानें डबी उघडून तिन्ही काड्या काढाव्यात व परत ठेवाव्यात. बोटें अडखळलीं तर खांचांतील अंतर वाढवावें. तिसरी, ओझ्याची : कागदी पंख चिकटविलेल्या काड्या आंत ठेवून, बंद डबीवर दोन जाड पुस्तकें रात्रभर ठेवावींत, आणि सकाळीं पंखांच्या कडा पाहाव्यात. यांपैकीं एकाहि परीक्षेस पैसा पडत नाहीं. पण कारखान्यांतून निघालेल्या किती डब्या या तिन्हींत उतरतील याची आम्हांस शंकाच आहे. शिवाय चिरंजीवांस एक सूचना अवश्य लिहावी : सुटींत घरीं येतांना डबी विमानांत हातांतील सामानांत ठेवूं नये, मोठ्या पेटींत घालावी, बाण हे टोंकदार आयुध समजून तपासणींत काढून घेतले जातात.

आतां मूळच्या धास्तीविषयीं दोन शब्द. चांगल्या डबीनें कोणी चांगला खेळाडू होत नाहीं. तिनें नेम सुधारत नाहीं कीं गुण वाढत नाहींत. ती एवढेंच करते कीं, सरावानें मिळविलेलें जें कांहीं आहे तें वाटेंत सांडूं देत नाहीं. सामन्यांत हरणें हें खेळाडूच्या वांट्यास यावयाचेंच. परंतु प्रतिस्पर्ध्याकडून हरणें निराळें आणि स्वतःच्या खिशाकडून हरणें निराळें. पहिल्यानें शिकावयास मिळतें, दुसऱ्यानें नुसता मनस्ताप होतो. हा दुसरा पराभव टाळणें पूर्णपणें आपल्या हातचें आहे, आणि तें पुठ्ठा, बूच व सुई-दोरा एवढ्यांनीं साधतें. घरांतील कोणत्याहि वस्तूचें घर करतांना, मग तीं वाद्यें असोत, चष्मा असो कीं औषधाच्या बाटल्या असोत, प्रथम तिच्यामागोमाग एक दिवस हिंडावें. ती कोणाच्या हातांत, कोणत्या उजेडांत, किती घाईंत येते तें पाहावें, आणि मगच कातर हातीं घ्यावी. पुढील अंकीं याच दृष्टीनें छत्रीच्या काड्यांचा विचार करूं.